खाऱ्या गवतात रोपांचे खड्डे नकोत

मा. संपादक,
स. न.

२६ जुलैच्या जागतिक कांदळवन दिनानिमित्त खाडीकिनारी रोपे लावल्याचे फोटो आपल्या अंकात पाहिले. कांदळवनांबद्दल लोकांत आस्था वाढते आहे याचा आनंद आहे. कांदळवनतोडीला मनाई करणारे मुंबई उच्च न्यायालयाचे २००५ आणि २०१८ मधील आदेश आणि २०१२ पासून वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष, यांमुळे कांदळवनातल्या तिवरांच्या झाडांवर कोयता चालवणाऱ्याला आता धाक आहे. पण फोटोंतल्या काही जागा पाहून राहवले नाही. त्या जागा रिकाम्या नव्हत्या, तिथे गवत होते.

खाडीच्या काठावर जिथे रोजची भरती पोहोचत नाही, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी तेवढे चढते, तिथे हे बुटके, टोचऱ्या पानांचे गवत जमिनीलगत पसरते. एल्युरोपस लॅगोपॉइडिस हे त्याचे शास्त्रीय नाव. उन्हाळ्यात त्याचे एक पान तिरपे धरून पाहावे, मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. जादा मीठ पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकायची सोय या गवताकडे आहे. जमीन तापून तिच्यावर मिठाची पांढरी साय धरते, तेव्हाही ते तग धरून असते. अशा जमिनीत तिवराचे रोप एक तर मरते, नाहीतर वर्षानुवर्षे खुरटलेले राहते. आमच्या गावाच्या खाजणालगत, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीलगत, हेच झाले. पावसाळ्यात गवत उपटून ओळीने रोपे लावली, पुढच्या उन्हाळ्यात आधाराच्या काठ्या तेवढ्या उभ्या होत्या. उकरलेल्या जागी गवतही धड धरले नव्हते.

थंडीत येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांचा विचारही कुणी करत नाही. ओहोटीला चिखलात चरणारे टिलवे, चिखल्ये, तुतवार भरतीला कुठे जातात? अशाच उघड्या, बुटक्या गवताच्या पट्ट्यांवर ते थव्याने बसून राहतात. चहूकडचे दिसेल अशी जागा त्यांना लागते, कारण ससाणा कुठून झेपावेल याचा नेम नसतो. तिथे झाडे उभी केली की त्यांना ती जागा सोडावी लागते.

खारे गवत म्हणजे निव्वळ चारा, असेही नाही. बंगालच्या सुंदरबनात ज्याला धानी घास म्हणतात ते तर भाताचे भाऊबंद. पोर्टेरेशिया कोआर्क्टाटा या नावाने ते ओळखले जाई, आता शास्त्रज्ञ त्याला भाताच्याच कुळीत, ओरायझामध्ये धरतात. नव्याने साचलेल्या गाळावर ते आधी मूळ धरते, गाळ बांधते आणि मग त्यात कांदळाच्या बिया अडकून झाडे उभी राहतात. खारे पाणी सोसण्याच्या त्याच्या गुणाचा अभ्यास भातसंशोधक करत आहेत. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेले, खारेपणा सोसणारे भाताचे वाण आपले शेतकरी लावतात. बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले की काय होते हे जाणणाऱ्या कोकणाने तरी या गवताला तण समजू नये.

किनारा धुपू नये म्हणून बाहेरचे गवत आणून लावण्याचा मोहही कुणाला होऊ नये. चीनने तेच केले. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा हे गवत १९७९ मध्ये त्यांनी गाळ धरून ठेवण्यासाठी नेले. मायदेशी हे गवत मोलाचे आहे, लुइझियानात किनारा वाचवायला ते मुद्दाम लावतात. चीनमध्ये मात्र ते हजारो हेक्टर चिखलपट्ट्यांवर पसरले, स्थानिक वनस्पती दबल्या आणि पक्ष्यांची चरण्याची जागा गेली. २०२२ मध्ये त्यांना ते उपटून काढण्यासाठी देशव्यापी मोहीम जाहीर करावी लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातही याच गवताचा तिथल्या स्थानिक जातीशी संकर होऊन असाच उपद्रव झाला. चांगल्या हेतूने चुकीच्या जागी लावलेली वनस्पती काढायला पुढच्या पिढीला किती खपावे लागते, ते यावरून दिसते. आपले तिवर परदेशी नाही, पण जागा चुकली तर तेही दुसऱ्याचे घर मोडते.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०११ आणि २०१९ या दोन्ही किनारपट्टी नियमन क्षेत्र अधिसूचनांत कांदळवनांबरोबरच खारे दलदली गवताळ पट्टे आणि जैविकदृष्ट्या सक्रिय, म्हणजे जीवसृष्टी असलेले चिखलपट्टे यांनाही सर्वात संवेदनशील वर्गात स्थान आहे. तरी प्रत्यक्षात झाड दिसले तर संरक्षण आणि गवत दिसले तर 'पडीक', असा व्यवहार चालतो. भराव टाकणाऱ्यांना हे बरोबर ठाऊक असते.

म्हणून विनंती अशी की, कांदळवन लागवडीची जागा ठरवण्याआधी तिथे आज काय उगवते आणि उधाणाचे पाणी किती दिवस येते, याची पाहणी व्हावी. ती करताना वनस्पतिशास्त्राच्या स्थानिक प्राध्यापकांना आणि खाडीत रोज उतरणाऱ्या कोळी बांधवांना सोबत घ्यावे. गवताचे पट्टे गटनंबरासह नकाशावर यावेत आणि ते नकाशे ग्रामपंचायतीत लावावेत. यंदाची रोपे लावण्यापूर्वी निदान रायगड जिल्ह्यापुरते एवढे झाले तरी पुष्कळ आहे.

आपला,
एक नियमित वाचक
ता. अलिबाग, जि. रायगड