पाठ फिरवली की परत पाठवले?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात 'पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोमंतकीयांची मतदानाकडे पाठ' असा मथळा वाचला. २३ मे २०१९ रोजी, ब्रिटनमध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत, मतदान केंद्रावर जाऊन, टेबलापाशी उभे राहून, यादीत नाव दाखवूनही ज्यांना हात हलवत परत यावे लागले, त्यांनी पाठ फिरवली म्हणायचे? एकूण मतदानच ३७ टक्क्यांच्या आसपास. घरी बसलेले शोधायचेच तर ते अस्सल ब्रिटिशांत भरपूर सापडतील.

यादीत नाव असणे पुरेसे नव्हते. युरोपीय संघातल्या इतर देशांच्या नागरिकाला यूसी-१ हा वेगळा अर्ज द्यावा लागे: मी मत ब्रिटनमध्येच देईन, मायदेशात नाही. तो ऑनलाइन भरता येत नसे. छापायचा, सही करायची, आपल्या कौन्सिलच्या (म्हणजे नगरपालिकेच्या) मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे पोचवायचा. नाही पोचला तर यादीत नावापुढे 'जी' हे अक्षर राही, म्हणजे फक्त स्थानिक निवडणुकीपुरता मतदार. हीच माणसे २ मे रोजी इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात कौन्सिलसाठी मत देऊन आली होती. तीन आठवड्यांत तेच नाव अपुरे ठरेल, हे त्यांना स्वप्नात दिसणार होते काय?

अर्जाची शेवटची मुदत ७ मे. आणि निवडणूक नक्की होणार, हे ब्रिटिश मंत्री डेव्हिड लिडिंग्टन यांनी सांगितले तेही ७ मे रोजीच! तोवर पंतप्रधान थेरेसा मे यांचे सरकार, आधीच ब्रेक्झिट होऊन निवडणूक टळेल, या आशेवर होते. आदल्या दिवशी, सोमवारी, बँक हॉलिडे, म्हणजे टपालाचा आनंदच.

गंमत पाहा. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या पुणेकराला हा अर्ज लागत नव्हता. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून यादीत नाव असले की पुरे होते. माल्टा-सायप्रसवाल्यांनाही त्याच कारणाने सूट. पण त्याच गल्लीतला मडगावकर, आजोबांच्या १९६१ पूर्वीच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट काढून 'युरोपीय' झालेला, तो युरोपच्या निवडणुकीत केंद्राबाहेर. दुबार मतदान रोखायला १९९३ चा युरोपीय निर्देश होता, तो रास्तच. मात्र २०१४ मध्येही असाच घोळ झाला, ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने ही प्रक्रिया सोपी करा म्हटले, आणि पुढे कोणी काही केले नाही. आपल्या वार्ताहराला यातले एक वाक्य देता आले असते.

आता विषय निघालाच आहे तर त्याच पानावरचे 'ब्रेक्झिट पक्षाला बहुमत'. ब्रिटनच्या ७३ पैकी २९ जागा, साडेतीस टक्के मते. याला सर्वांत मोठा पक्ष म्हणतात. शिवाय तक्त्यात 'विजयी उमेदवाराचे मताधिक्य' असा रकाना आहे! उत्तर आयर्लंड सोडले तर ब्रिटनमध्ये या निवडणुकीत मत पक्षाच्या यादीला पडत असे. मिळालेल्या जागांत एक मिळवून त्या आकड्याने पक्षाची मते भागायची, भागाकार ज्याचा मोठा त्याला पुढची जागा. स्विंडन ज्या नैऋत्य इंग्लंड मतदारसंघात येत असे (जिब्राल्टरसकट) तिथल्या सहा जागा अशाच वाटल्या गेल्या: ब्रेक्झिट ३, लिबरल डेमोक्रॅट २, ग्रीन १. हुजूर आणि मजूर, दोघांनाही भोपळा. यात कोणाचे मताधिक्य कोणावर मोजले, हे कळल्यास उपकृत होईन.

दुरुस्ती छापणार असाल तर मथळा जिथे होता तिथेच छापावी. राशिभविष्याखाली नको.

आपला,
एक नियमित वाचक, मडगाव