पहिल्या मोटारसायकलीच्या निमित्ताने एका ताईंना अनावृत पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव कुठे लिहायचे नाही, असे तुम्ही बजावले आहे, म्हणून ते लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत, कारण ब्रिटनमध्ये ए२, म्हणजे मर्यादित शक्तीच्या मोटारसायकलींचा परवाना हाती आल्यावर पहिली मोटारसायकल कोणती घ्यावी, या प्रश्नापाशी अडलेले मराठी लोक माझ्याखेरीज आणखीही असतील आणि तुम्ही मला जे समजावलेत ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

या परवान्यावर ३५ किलोवॅटपर्यंतची, म्हणजे साधारण ४७ अश्वशक्तीची गाडी चालवता येते, एवढे सगळ्यांनाच ठाऊक असते. तुम्ही त्यामागच्या दोन अटी कागदावर आकडे मांडून दाखवल्यात. पहिली अट वजनाची: दर किलोमागे ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त शक्ती चालत नाही, म्हणून पूर्ण ३५ किलोवॅटची गाडी निदान १७५ किलोंची तरी असावी लागते. दुसरी अट मूळ इंजिनाची: रिस्ट्रिक्टर लावून शक्ती कमी केलेली गाडी मुळात तिच्या दुपटीहून जास्त शक्तीची असता कामा नये, म्हणजे ३५ वर आणलेल्या गाडीची मूळ शक्ती ७० किलोवॅटच्या आतच हवी. एक विक्रेता मला ८० किलोवॅटच्या वरची तीन सिलिंडरची गाडी दाखवून ‘रिस्ट्रिक्टर बसवला की काम झाले’ असे छातीठोकपणे सांगत होता, तेव्हा तुम्ही फोनवर फक्त ‘मूळ शक्ती किती?’ एवढेच विचारलेत आणि तो व्यवहार तिथेच संपला. तशी गाडी चालवणे म्हणजे परवान्याबाहेर गाडी चालवणे, आणि अपघात झालाच तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो, हे तुम्ही नंतर शांतपणे सांगितलेत.

नियमात बसणाऱ्या मोठ्या गाड्यांना तुमचा विरोध नव्हता, हे मला विशेष वाटले. सुझुकी एसव्ही६५० किंवा यामाहा एमटी-०७ यांसारखी गाडी ३५ किलोवॅटवर आणली तरी रिस्ट्रिक्टर मुख्यतः इंजिन वेगाने फिरतानाची, वरच्या फेऱ्यांमधली शक्ती कापतो, खालचा जोर बराचसा शाबूत राहतो, आणि पुढे पूर्ण, म्हणजे शक्तीची मर्यादा नसलेला परवाना मिळाला की तीच गाडी मोकळी करता येते. मात्र रिस्ट्रिक्टर बसवल्याचे प्रमाणपत्र जपून ठेवावे, विमा कंपनीला आधी कळवावे, आणि गाडी बरीच वर्षे ठेवायची असेल तरच या वाटेला जावे, असे तुमचे मत होते. होंडाची सीबी५००एफ मुळातच ३५ किलोवॅटची असल्याने यातला कुठलाच व्याप मागे लागत नाही. रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० लाही रिस्ट्रिक्टर लागत नाही, पण तिचे वजन २०० किलोंच्या वर आहे आणि ते मला उभ्या जागी जाणवले.

तुमचे सर्वांत मोठे ऋण मी मानते ते या उभ्या जागच्या परीक्षेसाठी. आम्ही नवशिके अश्वशक्तीचे आकडे घोकतो. तुम्ही मला इंजिन बंद ठेवून गाडी ढकलायला लावलीत, साइड स्टँडवरून सरळ करायला लावलीत, हँडलबार पूर्ण वळवून अरुंद जागेतून मागे घ्यायला लावलीत. सीटवर बसायचे तेही गाडी चालवताना जे बूट घालणार तेच घालून, कारण पातळ तळव्याच्या बुटांत पाय टेकतात की नाही याचा अंदाज वेगळाच येतो. सीटची उंची ७९० मिलिमीटर असे कागदावर दोन गाड्यांसाठी सारखेच लिहिलेले असले, तरी जिची सीट पुढे निमुळती आहे तिच्यावर माझे दोन्ही चवडे टेकले आणि रुंद सीटच्या गाडीवर एकच. माझ्यासारख्या ठेंगण्या बाईला हे कोणत्याही माहितीपत्रकातून कळले नसते. चालत्या माणसाच्या वेगाने वळताना क्लच कुठे पकडतो आणि थ्रॉटल किती हलका उघडतो, हे ताशी शंभर किलोमीटरच्या वेगापेक्षा आधी तपासायचे, हाही तुमचाच आग्रह. पहिल्या वर्षात गाडी पडते ती बहुधा अशाच संथ जागी, हे तुमचे म्हणणे मला पटले.

जुनी गाडी घ्यायचे ठरल्यावर तुम्ही टायरच्या बाजूचे चार आकडे वाचायला शिकवलेत: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चेन, स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या चाकाचे) दाते आणि पुढचे चाक उचलून हँडल वळवताना मध्ये अडकते का, हेही पाहून घेतलेत. युरोपात १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या मोटारसायकलींना २०१७ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे, म्हणून त्याआधीच्या गाडीत ते आहे का हे वेगळे विचारावे, ही सूचना मी आता इतरांनाही देते. गाडीसाठी ठेवलेल्या पैशांतून हेल्मेट, हातमोजे, बूट आणि जाकीट यांचा वाटा तुम्ही आधीच काढायला लावलात. थोडा राग आला होता, खोटे कशाला बोलू!

अखेर सीबी५००एफ घेतली. निर्णय माझाच असावा म्हणून शेवटच्या दिवशी तुम्ही मुद्दाम आला नाहीत, हे माझ्या ध्यानात आले होते, त्याबद्दलही आभार. दोन वर्षांनी पूर्ण परवान्याची चाचणी देता येईल, तेव्हा पुन्हा तुमचा वेळ मागणार आहे. तोवर ढकलण्याचा सराव चालू ठेवते.

आपली नम्र,
एक नवी मोटारसायकलस्वार