मंत्रीसाहेब, स्वस्त झालेलं डिझेल नक्की कुठल्या पंपावर मिळतं?

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

काल टीव्हीवर आपण सांगत होतात की सरकारने पेट्रोल-डिझेलचे दर कमी करून सामान्य माणसाला दिलासा दिलाय. ऐकून बरं वाटलं. मी हर्णैचा होडीवाला, हा दिलासा आमच्या बाजूला कुठे मिळतो तेवढं सांगा.

कारण 2024 च्या बजेटमध्ये जो व्हॅट, म्हणजे राज्याचा टॅक्स, कमी केलात, डिझेलचा 24 वरून 21 टक्के आणि पेट्रोलचा 26 वरून 25, तो मुंबई, ठाणे, नवी मुंबईसाठी. आमच्याकडे 21 होता तो 21च राहिला. टाळ्या मात्र अख्ख्या राज्याकडून घेतल्यात.

बरं, मच्छीमाराला तर डिझेलवरचा व्हॅट परत मिळतो, सरकारचीच योजना आहे. गेल्या खेपेचा परतावा सीझनच्या आधी खात्यात पडेल असं भर मीटिंगमध्ये सांगितलंत. नारळी पौर्णिमा झाली, नारळ सोडून झाला, होड्या बाहेर पडल्या, आणि बँकेचा मेसेज आला तो चार्ज कापल्याचा!

साधा हिशोब बघा. एका फेरीला दोन बॅरल धरा, 400 लिटर. लिटरमागे तुमचा टॅक्स 15 रुपयांच्या आसपास, म्हणजे फेरीला सहा हजार आम्ही आधी रोख मोजायचे, आणि मग आपलेच पैसे मागायला मच्छीमार सोसायटीत पावत्या, लायसन, सगळी कागदं द्यायची. पावतीवरची शाई उडून कोरा कागद होतो पण फाईल काय हलत नाही. जून-जुलै मासेमारीला बंदी, दोन महिने कमाई शून्य, खलाशांना आगाऊ दिले नाहीत तर ते दुसऱ्याच्या होडीवर चढतात, बर्फवाला उधार देत नाही, शेवटी बायकोचं गळ्यातलं बँकेत गेलं तेव्हा जाळी आली. टॅक्स घेताना एक दिवस तरी थांबता का हो तुम्ही?

2022 च्या जूनमध्ये क्रूड 115 डॉलरच्या वर होतं, 2025 च्या मे मध्ये 65 च्या आसपास आलं. आम्हाला काय मिळालं? 2022 च्या जुलैमध्ये राज्याने डिझेलवर 3 रुपये कमी केले, मग थेट 2024 च्या मार्चमध्ये 2 रुपये, लोकसभेच्या तोंडावर. आणि 2025 च्या एप्रिलमध्ये केंद्राने एक्साइज 2 रुपयांनी वाढवली. तुम्हा लोकांना तर निमित्तच लागतं. 2015 ला दुष्काळ पडला, लावा 2 रुपये. 2017 ला कोर्टाने हायवेवरची दारूची दुकानं बंद केली, तर पेट्रोलवर 3 रुपये! म्हणजे प्यायचं कुणी आणि भरायचं कुणी.

आणि हायवे कुठला तर मुंबई-गोवा, 2011 पासून चाललाय. मासळीचा टेम्पो त्या खड्ड्यात अर्धं डिझेल जाळतो.

जीएसटीत आणा म्हटलं की राज्य केंद्राकडे बोट दाखवतं, केंद्र राज्याकडे. विरोधात असलात की सायकलवरून विधानभवनात येता, सत्ता आली की सायकल कुठे ठेवता देव जाणे, आणि यात कुठल्याच पक्षाला मी वगळत नाही. 2025 ला मासेमारीला शेतीचा दर्जा दिलात, हार घातले, पेढे वाटले, त्या दर्जावर पंपवाला डिझेल देत नाही.

परताव्याची तारीख लेखी द्या. परत मीटिंग नको.

आपला,
एक होडीवाला, हर्णै

ता.क. : सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करून झापू नका, हे मी माझ्या मनाने लिहिलंय.