बंपर तुझा, स्कूटर त्यांची

फोंडा, गोवा

चि. बाय हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या गाडीची त्या स्कूटरला धडक बसली, आणि तू फोनवर एकच प्रश्न विचारलास, विम्याचा क्लेम करू की बाहेरून दुरुस्त करून घेऊ? मला त्यात दोन वेगळे प्रश्न दिसतात, आणि तू ते एकत्र केलेस म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तुझा बंपर, हेडलॅम्प आणि फेंडर हे तुझं नुकसान. ते विम्यातून भरून घ्यायचं, खिशातून द्यायचं की वर्षभर तसंच फिरवायचं, हा तुझा हिशेब. स्कूटरवाल्या काकांची मोडलेली लाईट, मडगार्ड आणि खरचटलेला गुडघा मात्र त्या हिशेबात धरायचा नाही. आपलं नुकसान आपण गिळू शकतो, दुसऱ्याचं गिळायला आपण कोण?

म्हणून आधी त्यांचं. तू त्यांना लगेच जिल्हा इस्पितळात नेलंस आणि मी सांगितल्यावर त्याच संध्याकाळी मडगावच्या पोलीस ठाण्यात कळवून आलीस, हे फार बरं केलंस. काका म्हणाले, "पोलीस कशाला, पाच हजार दे आणि जा." त्यांचाही हेतू वाईट नसेल, कुणालाच ठाण्याच्या बाकावर बसायची हौस नसते. पण मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 134 प्रमाणे माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे, जागेवर पोलीस नसतील तर 24 तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवायचं आणि विमा कंपनीलाही लेखी माहिती द्यायची. पहिल्या दोन गोष्टी झाल्या. तिसरी आजच कर. पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, जागा, गाडी कोण चालवत होतं, लायसन्स नंबर, जखमी कोण, एवढं ईमेलने पाठव आणि उत्तरात येणारा क्लेम नंबर जपून ठेव.

पैसे देण्याआधी एक गोष्ट लक्षात घे. पॉलिसीच्या अटींत लिहिलेलं असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमेदाराने जबाबदारी कबूल करू नये, पैसे देऊ नयेत, देण्याचं वचनही देऊ नये. रस्त्यावर घाबरून पाकीट उघडणारी माणसं नेमकी ही अट मोडतात. कायद्याने घ्यावाच लागणारा जो थर्ड पार्टी विमा आहे, त्यात खासगी गाडीला दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. पण तो पैसा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या वाटेने येतो, आणि एका मडगार्डसाठी काकांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात असं मला वाटत नाही. त्यांनी स्वतःच्या पॉलिसीतून करून घेतलं तर त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत, जाईल. चूक तुझी होती हे तूच मला सांगितलंस. तेव्हा स्कूटर तू करून दे. कंपनीला तसं लिही, तिचं उत्तर येऊ दे. त्यांच्या नेहमीच्या गॅरेजचं एस्टिमेट घे, पैसे यूपीआयने दे आणि 'स्कूटरच्या दुरुस्तीपोटी' एवढ्याच शब्दांची सही घे.

गुडघ्याबद्दल काहीही लिहून घेऊ नकोस. 'यापुढे माझी कसलीही तक्रार नाही' असा कागद पुढे सरकवायचा सल्ला तुला ऑफिसात कुणीतरी देईल. गुडघ्याची सूज कधी कधी चार दिवसांनी कळते. उद्या त्यांना खरंच मोठा उपचार लागला, तर तुझा थर्ड पार्टी विमा त्यासाठीच आहे, आणि शारीरिक इजेला मालमत्तेसारखी रकमेची मर्यादा नाही. शिवाय असा दावा झाला तरी तुझा नो क्लेम बोनस जात नाही, कारण तो बोनस फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळतो. म्हणजे त्यांचं दुखणं दडपून तुझा एक रुपयाही वाचत नाही.

आता तुझी गाडी. गॅरेजच्या काउंटरवर मी इतकी वर्षं एस्टिमेटं लिहिली, नुकसान तपासायला येणाऱ्या विम्याच्या सर्व्हेअरांशी बोलले, क्लेमच्या फायली लावल्या. लोक क्लेम का करतात आणि नंतर का हळहळतात, ते मी जवळून पाहिलंय. गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने तुला 18,000 सांगितले, जीएसटी धरून. त्यात बंपर 4,000, हेडलॅम्प 5,000, मजुरी 3,000 आणि पेंटिंग 6,000. फेंडर बदलायचा नाही, ठोकून सरळ करायचा आहे. गेल्या नूतनीकरणाला तू झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा संरक्षण, घेतलं नाहीस, म्हणून घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याची घट, कापला जाईल. प्लास्टिक आणि रबरच्या भागांवर 50 टक्के, गाडी कितीही नवी असो. बंपर आणि हेडलॅम्प दोन्ही त्यात येतात, म्हणजे 9,000 चे हातात 4,500. काचेला घसारा नाही. पत्र्याच्या भागाला वयाप्रमाणे लागतो, तुझ्यासारख्या तीन ते चार वर्षांच्या गाडीला 25 टक्के, पण फेंडर बदलायचाच नसल्याने तो प्रश्न नाही. मजुरी पूर्ण मिळते. पेंटिंगचं बिल एकत्र असेल तर त्यातला चौथा हिस्सा मटेरियल धरून त्याचा अर्धा कापतात, म्हणजे 750. उरले 12,750. त्यातून सक्तीचे वजा होणारे 1,000, कारण तुझं इंजिन 1500 सीसीच्या आतलं आहे, वरचं असतं तर 2,000 गेले असते. कंपनी देईल 11,750. तुझ्या खिशातून 6,250.

इथपर्यंत क्लेम छान दिसतो. पण बोनस बघ. क्लेमशिवाय एक वर्ष गेलं की 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. तू आज 35 वर आहेस, पुढच्या नूतनीकरणाला 45 मिळणार. क्लेम घेतलास की शून्य. तुझा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम सवलतीआधी साधारण 9,000 धर. पहिल्या वर्षी 4,050 जास्त जातील. त्याच्या पुढच्या वर्षी तू 50 वर असायला हवी होतीस, असशील 20 वर, म्हणजे 2,700. मग 2,250, 1,350 आणि 450. पाच वर्षांत मिळून 10,800. गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा प्रीमियमही थोडा उतरेल, म्हणून प्रत्यक्षात यापेक्षा काहीसं कमी. तरीही 11,750 मिळवण्यासाठी तू पुढच्या वर्षांत जवळजवळ तेवढेच परत देणार आहेस. बोर्ड्याच्या त्या गॅरेजवाल्याने 12,000 सांगितलेत, हेडलॅम्पचा तुटलेला लग, म्हणजे तो बसवायचा कान, जोडून आणि बंपरला प्लास्टिक वेल्डिंग करून. 6,250 आणि 10,800 यांची बेरीज केलीस तर तो स्वस्त पडतो हे तुलाच दिसेल.

एवढ्यावर मात्र होकार देऊ नकोस. बंपर खोलल्याशिवाय कुठलंही एस्टिमेट खरं नसतं. त्याच्या मागे ब्रॅकेट, हॉर्न, एसीचा कंडेन्सर, रेडिएटरचा सपोर्ट असतो. वरून बोटभर चीर आणि आत कंडेन्सर वाकलेला, अशा गाड्या मी कितीतरी पाहिल्या. तसं निघालं आणि आकडा 35-40 हजारांवर गेला, तर बोनसची पर्वा न करता क्लेम घे. विमा अशाच दिवसासाठी असतो. म्हणून क्रम असा ठेव, आधी कंपनीला कळव, मग बंपर उतरवून फोटो काढ, मग ठरव. काम सुरू झाल्यावर सर्व्हे होत नाही, आणि जोडून रंगवलेल्या बंपरवर कुणी पैसे देत नाही. आत काही निघालं नाही, तर क्लेम घेत नसल्याचं लेखी कळव आणि रक्कम न देता फाईल बंद झाल्याचं उत्तर मागून घे. नूतनीकरणाच्या वेळी ते उपयोगी पडतं.

क्लेमच करायचं ठरलं, तर गॅरेजवाला सहज म्हणेल, "मागच्या दाराचा ओरखडाही यातच टाकूया." टाकू देऊ नकोस. ती वेगळी घटना, तिचा वेगळा क्लेम. जुन्या ओरखड्यात आपल्याकडची तांबडी माती बसलेली असते, खाऱ्या हवेने पत्र्याला गंज धरलेला असतो, अनुभवी सर्व्हेअरला ते दुरून दिसतं. पकडलं जाण्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी ते खोटं आहे, आणि तुझ्या सहीखाली मला खोटं नको. तारीख बदलणं, चालकाचं नाव बदलणं, हेही त्यातच आलं.

पावसाचे दिवस आहेत, म्हणून रंगाबद्दल थोडं लिहिते. उघड्या शेडमध्ये जुलैत मारलेला रंग हवेतला ओलावा धरतो. कधी दुधाळ छटा येते, कधी महिन्याभरात बारीक फोड उठतात. बोर्ड्याच्या माणसाला विचार, रंगासाठी बंद बूथ आहे का, रंग उष्णतेने भाजून वाळवतात का. नसेल तर बंपर आता जोडून घे आणि रंग पाऊस सरल्यावर कर. प्लास्टिक गंजत नाही. फेंडर मात्र पत्र्याचा आहे, जिथे रंग उडून धातू दिसतोय तिथे याच आठवड्यात प्राइमर मारून घे. मडगावहून वेर्ण्याला रोज भिजत जायचं, चतुर्थीपर्यंत थांबलीस तर गंज खोलवर उतरेल. तुझा रंग मेटॅलिक आहे, तो जुळवायला शेजारच्या पॅनेलवर थोडा फिरवावा लागतो. ते आधीच ठरव, नाहीतर शेवटी बिल वाढतं. बाहेर करून घेतलंस तर काढलेले जुने भाग परत माग.

आणखी एक. तुझ्या मैत्रिणीने सुट्टीत गाडी पर्यटकांना भाड्याने द्यायचं सुचवलंय म्हणालीस. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने दिली की खासगी पॉलिसी त्या वापराला लागू होत नाही. वर मांडलेला सगळा हिशेब तिथे संपतो, आणि कुणाला लागलं तर भरपाई तुझ्या गळ्यात येऊ शकते. काळ्या पाटीच्या रेंट-अ-कॅबना वेगळी परवानगी आणि वेगळा विमा असतो, तो उगीच नाही. तिला स्पष्ट नाही सांग.

पॉलिसीचा कागद शनिवारी येताना घेऊन ये. नूतनीकरणाला झिरो डेप आणि एनसीबी प्रोटेक्शन (क्लेम केला तरी नो क्लेम बोनस राखणारं) यांचे दर आपण दोघी बसून बघू. बंपर खोलल्यावरचे फोटो मात्र आधीच पाठव, कंडेन्सर स्पष्ट दिसेल असे. आणि त्या काकांना एकदा भेटून गुडघा कसा आहे ते विचारून ये, फोनवर नको.

तुझी,
आई

ता. क. लायसन्सची मुदत बघून घे. विमा कंपनी सगळ्यात आधी तेच मागते.