चारशे बाराव्या खोलीची किल्ली

आदरणीय आजी,

सेंट पीटर्सबर्गला तुम्ही आमच्या वसतिगृहाच्या दाराशी किल्ल्या सांभाळायचात, तेव्हा मी तुम्हाला आजी कधीच म्हटलं नाही. तिथे वडीलधाऱ्या माणसाला स्वतःचं नाव आणि मागोमाग वडिलांचं नाव घेऊन हाक मारतात. अंतराळात गेलेली पहिली स्त्री जगाला वालेन्तिना तेरेश्कोवा म्हणून माहीत, पण समोर उभं राहून बोलायचं तर ‘वालेन्तिना व्लादिमिरोव्ना’. तुमचं तसं जोडनाव न अडखळता घ्यायला मला दोन आठवडे लागले होते. चारचौघांत ते लिहीत नाही, म्हणून आजी. आणि पत्र मराठीत, कारण एवढं मनातलं लिहिण्याइतकं रशियन मला अजून येत नाही. फोनवर अर्थ सांगेन तेव्हा तुम्ही चुका सुधारालच.

सकाळी पूर्वतयारीच्या वर्गात रोज सहा तास रशियन असायचं. आधी ३३ अक्षरं, मग सहा विभक्त्या, मग क्रियापदांच्या जोड्या. आमच्या शिक्षिका फार चांगल्या होत्या, त्यांच्या तक्त्यांवाचून माझं काहीच झालं नसतं. पण तक्ता पाठ असला तरी समोर माणूस ताटकळत असताना त्यातला नेमका शब्द तोंडात यावा लागतो. ते तुम्ही शिकवलंत, दाराशी तुमच्या टेबलामागे बसून.

पहिल्या दिवशी मी बोटांनी चार, एक, दोन असं दाखवलं. तुम्ही किल्ली हातात घेतलीत, पण दिली नाहीत. सावकाश म्हणालात, ‘क्ल्यूच अत् चितीरिस्ता द्विनात्सतय, पझालुस्ता.’ चारशे बाराव्या खोलीची किल्ली द्या. माझ्यामागे मुलं खोळंबली होती, त्यांना तुम्ही हातानेच थांबवलंत. मी तीनदा अडले. तुम्ही एकदाही माझं वाक्य पुरं करून टाकलं नाहीत. परक्या भाषेत चाचपडणाऱ्याला लोक दयेपोटी शब्द पुरवतात, आणि मग तो शब्द त्याचा होतच नाही. तुम्ही वाट पाहिलीत. पुढे वर्गात क्रमवाचक संख्यांची स्त्रीलिंगी षष्ठी, म्हणजे ‘द्विनात्सतय’सारखी रूपं, आली, तेव्हा ती माझ्या जिभेवर आधीच बसली होती.

एकदा माझ्या खोलीचं कुलूप अडलं. मी ‘झामक’, ‘झामक’ म्हणत होते. तुम्ही कागदावर बुरूज काढून दाखवलात : झामक म्हणजे गढी, कुलूप म्हणजे ‘झमोक’. अक्षरं तीच, आघात, म्हणजे बोलतानाचा जोर, तेवढा सरकलेला. त्या दिवसापासून मी वहीतल्या प्रत्येक नव्या शब्दावर आघाताची खूण करू लागले. आता कुणी रशियन सुरू करतंय असं कळलं की मी पहिल्यांदा हेच सांगते. आघात नसलेला ‘ओ’ बोलताना ‘अ’ होतो. पुस्तकातलं ‘मोलोको’, म्हणजे दूध, कानावर ‘मलाको’ म्हणून येतं. खूण नसेल तर वाचलेला शब्द ऐकून ओळखताच येत नाही.

आणि तुमचे ते रोजचे तीन प्रश्न! कुठे चाललीस, कुठे होतीस, कुठून आलीस. इथे मराठीनेच माझी अडचण केली होती. आपण दुकानात जातो आणि दुकानात असतोही, प्रत्यय एकच. रशियनमध्ये जाताना ‘व मगाझीन’, तिथे असताना ‘व मगाझीन्ये’, परतताना ‘इझ मगाझीना’. मी तीन महिने चुकत होते आणि तुम्ही न कंटाळता तेच विचारत होतात. बाकी ठिकाणी मराठीने हात दिला. ‘मला थंडी वाजते’, ‘मला आवडतं’ ही वाक्यं रशियनमध्येही ‘मला’नेच सुरू होतात, ‘मी’ने नाही. तीन लिंगं आहेत. मी होतो-होते, तसं ‘बिल’-‘बिला’ आहे. चमच्यातला च आणि चिंचेतला च यांना तिथे चक्क दोन वेगळी अक्षरं आहेत! हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्याकडून दोन्ही च म्हणवून घेतलेत आणि स्वतः म्हणून पाहिलेत. माझ्या भाषेबद्दल तिथे कुणीतरी काहीतरी विचारलं, याने त्या संध्याकाळी मला किती बरं वाटलं ते सांगायचं राहून गेलं होतं.

खोकला झाला तेव्हा दवाखान्यात जायची मला भीती वाटत होती. आदल्या रात्री तुम्ही सराव घेतलात : आत गेल्यावर रांग शोधू नकोस, ती दिसत नाही, सगळे इकडेतिकडे बसलेले असतात. मोठ्याने विचारायचं, ‘क्तो पस्लेद्नी?’, शेवटचं कोण? जो ‘मी’ म्हणेल, त्याच्यामागे आपण. सकाळी मी विचारलं. कोपऱ्यातल्या एका बाईंनी हात वर केला, मी त्यांच्याजवळ बसले. थोड्या वेळाने दार उघडलं, एक गृहस्थ टोपीवरचं बर्फ झटकत आत आले आणि सगळ्यांकडे पाहून त्यांनी तेच विचारलं.

‘या,’ मी म्हणाले. म्हणजे मी.

तुमची,
४१२ मधली