छोट्या ताईस, काकूकडून

प्रिय ताई,

वय वर्षं अकरा असलेल्या मुलीला बेचाळीस वर्षांची बाई ‘ताई’ म्हणते, हे वाचून लोक हसतील. हसू देत. आपल्या मल्लखांबाच्या व्यायामशाळेत ज्याला अढी (म्हणजे उलटं होऊन, खांब मांड्यांत आवळून वर उठणं) आधी आली तो दादा किंवा ताई, हा नियम तूच मला पहिल्या दिवशी सुनावला होतास. वर म्हणालीस, “काकू, तुमची अढी आली की मग बघू.”

2019 साली शिवाजी पार्कला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा मी गर्दीत टाचा उंचावून उभी होते. तिथून मनात किडा शिरला. तो बाहेर पडायला पुढे चार वर्षं गेली, कारण लहान पोरांच्या रांगेत उभं राहायची लाज.

पुरलेला मल्लखांब लांबून साधा दिसतो. जमिनीवर अडीच मीटरभर लाकूड, खाली जाड अंग, वर निमुळती मान, टोकाला बोंड. जवळ गेलं की कळतं, त्याला एरंडेल चोपडलेलं असतं. घर्षणाने कातडी सोलवटू नये म्हणून ते लावतात. पण नवशिक्याला वाटतं, आपल्याला पाडायलाच लावलंय! मी खांब बगलेत धरायची, पाय वर फेकायची आणि घसरगुंडीवरून यावी तशी गादीवर यायची. तीन आठवडे हेच. सर पाठीला हात देऊन म्हणायचे, “कंबर आत घ्या, आत घ्या.” कंबर कुठे आहे हेच मला उलटं झाल्यावर समजत नव्हतं.

सरांचं शिकवणं उत्तमच. पण त्यांना अढी येऊन चाळीस वर्षं झाली, ती न येण्याची आठवण त्यांच्याकडे कुठून असणार? तुला ती मागच्याच दिवाळीला आली होती. काय अडतं हे तुझ्या अंगात अजून ताजं होतं. तू गादीच्या कडेला उकिडवी बसलीस, मान वाकडी करून माझ्या उलट्या तोंडाकडे बघत ओरडलीस, “काकू, डोळे मिटताय! आणि पायांनी नका धरू, मांड्यांनी धरा.” मी डोळे मिटत होते हे मला माहीतच नव्हतं.

मग तू अढीचे तुकडे केलेस. एक दिवस फक्त पाय वर फेकायचे. दोन दिवस फक्त मांड्यांची पकड, तीही तू मोठ्याने दहा अंक मोजेपर्यंत. शेवटी उठणं. रोज दहा वेळा, आणि भिंतीवर खडूच्या रेघा. (नऊवर मी थांबले की तू मागच्या रेघा पुसायचीस. तो अन्याय होता, आजही म्हणते.) एकदा तू मला हाताची पकड उलट सांगितलीस, सरांनी दोघींनाही टोकलं, आणि दुसऱ्या दिवशी तू गुपचूप एक चिंचेची गोळी माझ्या हातात ठेवलीस. त्या आठवड्यात मला समजावता समजावता तुझा अडलेला ‘दसरंग’ हा मल्लखांबाचा प्रकारही सुटला, असं तूच सांगितलंस. गोळी खरं तर मीच द्यायला हवी होती.

मल्लखांब पुन्हा रुजवणाऱ्या बाळंभटदादा देवधरांची गोष्ट तू वानराच्या उड्यांसकट करून दाखवायचीस. पेशवाईच्या शेवटच्या काळातला तो माणूस, आणि तुझ्या सांगण्यात जणू काल संध्याकाळी आपल्याच गादीवर सराव करून गेलेला. दम खायला बसलेल्या मला त्या गोष्टीचा फार उपयोग झाला, कारण ती लांबवता यायची.

अढी आली तो दिवस गुरुवार. उलटी लटकून मी डोळे उघडे ठेवले, मांड्या आवळल्या आणि उठले. टाळ्या सगळ्या पोरांनी वाजवल्या. तू मात्र म्हणालीस, “आता डाव्या बाजूने.”

बाबांच्या बदलीमुळे तुम्ही जाताय हे परवा कळलं, म्हणून हे पत्र. समोर बोलले असते तर रडले असते, आणि तुला ते आवडलं नसतं. नव्या गावात खांब मिळाला नाही तर दोरीचा मल्लखांब तरी शोध. पायाच्या अंगठ्याची बेचकी पहिले काही दिवस भाजल्यासारखी होईल, तुला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मला ठाऊक असलेली एकच गोष्ट सांगते. एरंडेलाचे डाग नुसत्या साबणाने जात नाहीत. आधी कोरडं बेसन चोळून अर्धा तास ठेवायचं आणि मग गरम पाण्यात धुवायचं. आईला सांग.

तुझी,
काकू
(डावी अढी अजून बाकी आहे)