आई, तुझी पाळी कशी होती?

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मी 'बरं चाललंय' एवढंच बोलते हे तुम्हालाही कळलं असेलच. म्हणून लिहितेय. बाबा, पत्राचं नाव वाचून चष्मा काढून आईकडे देऊ नका, तुम्हीपण वाचायचंय.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी फाईल भरताना विचारलं, आईची पाळी नियमित होती का, तिला दिवस राहायला वेळ लागला होता का. मला काही सांगताच येईना. चौतीस वर्षांची झाले आणि हे मला माहीत नाही. तुझी शुगर कधी सुरू झाली ते सांगितलं, बाबांचं बीपी सांगितलं, आणि हा रकाना रिकामा सोडला.

तर आता सगळं सांगते. आम्ही गेले सात महिने ट्रीटमेंट घेतोय. मला पीसीओएस आहे. आई, सोनोग्राफीत 'सिस्ट' लिहिलेलं वाचून तू गाठी गाठी म्हणत बसशील म्हणून आधीच सांगते, त्या गाठी नाहीत. दर महिन्याला ओव्हरीत, म्हणजे बीजाशयात, बऱ्याच छोट्या पिशव्या तयार होतात, त्यातली एक मोठी होऊन फुटते आणि बीज बाहेर पडतं. माझ्याकडे त्या सगळ्या अर्ध्यातच थांबतात, एकही पुढे जात नाही. बीजच बाहेर पडलं नाही तर दिवस राहणार कुठून. माझी पाळी पन्नास-साठ दिवसांनी यायची ना, ते याचमुळे. तेव्हा तू 'लग्नानंतर होईल नीट' म्हणाली होतीस, आणि मलाही तेच सोयीचं वाटलं, दर महिन्याची कटकट नाही म्हणून खूशच होते मी! डॉक्टर म्हणाल्या, पस्तिशीच्या आत असलात तरी पाळी अशी असेल तर वर्षभर वाट बघत बसायचं नसतं, लगेच यायचं. आम्ही दीड वर्ष घालवलं.

तुमच्या जावयाच्याही तपासण्या पहिल्याच आठवड्यात झाल्या, तो स्वतःहून गेला, रिपोर्ट नॉर्मल आहे. माझ्या नळ्या मोकळ्या आहेत, थायरॉईड ठीक आहे. म्हणजे अडलंय ते एवढंच, बीज वेळेवर सुटत नाही. डॉक्टरांच्या मते त्यातल्या त्यात हे बरं, कारण याला गोळ्या आहेत.

बाबा, गोळीचं नाव लेट्रोझोल. तुम्ही ते नेटवर टाकणार आणि तिथे ब्रेस्ट कॅन्सरचं औषध म्हणून येणार. मीपण पाहिलं होतं आणि रात्रभर झोपले नव्हते. मला कॅन्सर नाहीये. ती गोळी शरीरातलं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन थोडे दिवस कमी करते, मग मेंदूला वाटतं ओव्हरी काम करत नाहीये आणि तो जोरात सिग्नल पाठवतो, त्या जोरावर एखादी पिशवी वाढते. फक्त पाच दिवस घ्यायची. तुम्हाला आकडे लागतात म्हणून सांगते, 2014 मध्ये अमेरिकेत पीसीओएसच्या 750 बायकांवर अभ्यास झाला होता, जास्तीत जास्त पाच महिने औषध देऊन. लेट्रोझोलवाल्यांपैकी 27.5 टक्के बायकांना मूल झालं, क्लोमिफीन या याच कामाच्या जुन्या गोळीवाल्यांपैकी 19.1 टक्के. म्हणजे होतं, पण सगळ्यांना होत नाही, आणि पहिल्याच महिन्यात होईल असंही नाही. हे मला तुमच्याकडूनही समजून घ्यायला हवंय.

पहिल्या महिन्यात अडीच एमजीने काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा डोस वाढवून पाच केला. दहाव्या दिवशी सोनोग्राफीच्या स्क्रीनवर एक काळा ठिपका, म्हणजे वाढणारी पिशवी, 11 मिलिमीटर. बाराव्या दिवशी 15. चौदाव्या दिवशी डॉक्टरांनी मोजलं, 19, आणि हा माझ्या शेजारी उभा राहून मोबाईलमध्ये आकडे टाइप करत होता, स्कोअर लिहितात तसं. त्या रात्री साडेनऊला पोटात ट्रिगरचं, म्हणजे बीज सुटायला लावणारं, इंजेक्शन. त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी बीज सुटतं. पुढचे दोन आठवडे मी जिनासुद्धा हळू उतरत होते, तशी काही गरज नसते, तरी.

इंजेक्शननंतर पंधराव्या दिवशी सकाळी पाळी आली. आणि आई, त्याच दिवशी दुपारी तुझा फोन, 'काही विशेष?' मी रेंज नाही म्हणून ठेवून दिला. रेंज होती. बाथरूममध्ये बसून रडत होते.

तू वाईट मनाने विचारत नाहीस हे मला माहितीये. पण तू दर महिन्याला विचारतेस आणि मला दर महिन्याला 'नाही' म्हणावं लागतं, आणि मग तू म्हणतेस, टेन्शन घेऊ नको, आपोआप होईल. ते 'आपोआप' फार लागतं गं. आपोआपच होत नाहीये म्हणून तर तिथे जातेय. काही झालं तर मी पहिला फोन तुम्हालाच करणार, तोपर्यंत विचारू नका. बाकी काहीही विचारा, सोनोग्राफी कधी आहे विचारलं तर सांगेन, आनंदाने सांगेन.

आणखी एक, डॉक्टरांनी मेटफॉर्मिनपण सुरू केलीय. तू शुगरसाठी घेतेस तीच. पहिले काही दिवस पोट बिघडलं तेव्हा तुझी आठवण आली, तू तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतंस, नुसती जेवायची नाहीस. शुगर आणि पीसीओएस एकाच घरात पुष्कळदा दिसतं म्हणे. म्हणूनच तो प्रश्न विचारला होता त्यांनी.

तर आई, माझा जन्म तुमच्या लग्नानंतर सहा वर्षांनी, हे मला लहानपणापासून माहितीये, पण मधल्या सहा वर्षांत काय झालं ते कधी विचारलंच नाही. तुझीही पाळी अशीच होती का? कुणाला दाखवलं होतंस? लोक काय बोलायचे? फोनवर नको असेल तर मेसेज कर, नाहीतर बाबांना टाइप करायला सांग, त्यांना सगळं आठवत असेल. पुढची सोनोग्राफी येत्या गुरुवारी आहे, त्याच्या आधी कळव, तो रकाना भरायचाय.

तुमची,
ताई